झालं की सांगणार होतो

चार दिवस काहीच हालचाल नाही, म्हणून जर्मनीतल्या एका विद्यार्थिनीनं थेट मलाच मेल केली. तिच्या गटातला आमचा मुलगा आजारी वगैरे तर नाही ना, एवढंच तिनं विचारलं होतं. तो आजारी नव्हता. माझ्याच तासाला दुसऱ्या बाकावर बसत होता. तास संपल्यावर त्याला थांबवलं, तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडून दाखवला. लिहिलेला कोड गिटवर चढतच नव्हता, दर वेळी जोडणीची वेळ संपल्याचा एरर. कॉलेजच्या नेटवर्कवर २२ नंबरचं पोर्ट बंद आणि यानं गिटसाठी एसएसएचची वाट धरलेली. पत्ता एचटीटीपीएसचा केला, टोकन दिलं, दहा मिनिटांत कोड चढला. ‘अरे, मग चार दिवस बोलला का नाहीस?’ तर म्हणाला, ‘मॅडम, करून बघत होतो. झालं की सांगणार होतो.’

मुलगा प्रामाणिक होता. चारही दिवस रात्री दोनपर्यंत जागून तो तेच करून बघत होता, आणि म्हणूनच त्याचं उत्तर माझ्या मनातून गेलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी १४ वर्षं शिकवते आहे. त्याआधी ९ वर्षं हिंजवडीत नोकरी केली, सगळी अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी. आमच्याकडची मुलं पुढं पुण्यात, बंगळुरात जातात आणि पहिल्याच महिन्यात पोलंड, टेक्सास, मनिला अशा ठिकाणच्या माणसांबरोबर एका टीममध्ये बसतात. त्यांची तयारी कॉलेजातच व्हावी म्हणून जर्मनीतल्या एका विद्यापीठाबरोबर आम्ही तिसऱ्या वर्षाला एक जोडप्रकल्प सुरू केला. तिकडची तीन मुलं, इकडची तीन, असा एक गट. त्यांचं सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, तोवर आमचं निम्मं संपलेलं असतं. मधल्या आठ-नऊ आठवड्यांत सगळं बसवायचं, आणि त्यातच दिवाळी.

पहिल्या वर्षी मी ठाम धरून चालले होते की आपल्या मुलांची अडचण इंग्रजीची आहे. गावाकडची, मराठी माध्यमाची मुलं. बोलायला बिचकतात, बाकी सगळं येतं. म्हणून सहा आठवडे इंग्रजी संभाषणाचे वर्ग लावले. मुलं बोलायला लागलीही. कॅमेऱ्यासमोर ओळख नीट करून द्यायची, हवामानावर चार वाक्यं बोलायची. काम अडलं की मात्र पुन्हा तशीच गप्प. मग एके दिवशी मी सगळ्यांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, आत्ता तुमचं काम कुठं अडलंय ते मराठीत लिहा, कसंही लिहा. बहुतेकांच्या कागदावर एकच ओळ आली: ‘एरर येतोय.’ कुठला एरर, काय करताना, कधीपासून, कुणाला काय विचारायचंय, यातलं काही नाही.

म्हणजे भाषा बदलून उपयोग नव्हता. अडलेलं सांगायची सवयच नव्हती, आणि ती का नव्हती हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमचं जर्नल बघा. वर्षभराचे प्रयोग त्यात असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी निष्कर्षात लिहिलेलं असतं की प्रयोग यशस्वीपणे पार पडला. फसलेल्या प्रयोगाचं एकही जर्नल मी आजवर तपासलेलं नाही. कारण तसं कुणी लिहीत नाही, आणि लिहिलं असतं तर पूर्वी मीच ते परत पाठवलं असतं. ओरलला जाताना सिनिअर सांगतात, ‘एक्स्टर्नलला माहीत नाही म्हणू नको, काहीतरी बोलत राहा.’ हा सल्ला चुकीचाही नाही, कारण ‘माहीत नाही’ला खरोखरच शून्य मिळतं. असं चार वर्षं शिकवलेल्या मुलाला पाचव्या वर्षी नोकरीत सांगायचं की अडलास की लगेच बोल. तो कसा बोलेल?

मी स्वतः कुठं बोलले होते? हिंजवडीतल्या दुसऱ्या वर्षी विम्याच्या पॉलिसींची एक फाईल रोज अमेरिकेतून यायची. त्यातल्या तारखा अमेरिकी पद्धतीनं, महिना आधी आणि दिवस नंतर अशा लिहिलेल्या होत्या. आम्ही त्या दिवस आधी धरून वाचत होतो. फाईल पहिल्यांदा उघडली त्याच दिवशी मला शंका आली होती. पण एवढं साधं विचारलं तर हिला काहीच येत नाही असं वाटेल, म्हणून विचारलं नाही. ५ तारखेला काम सुरू झालं. १२ तारखेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणूनही चालून जातो. १३ तारखेची फाईल आली आणि तेरावा महिना कुठून आणायचा म्हणून प्रोग्रॅम कोसळला. तोवर आठ दिवसांच्या नोंदी उलट्या तारखांनी भरून झाल्या होत्या. त्या दुरुस्त करायला आम्ही तिघं दोन आठवडे रात्री बसलो. तिकडे दिवस असताना विचारायचं म्हणजे इकडे रात्री जागायचं. हिवाळ्यात आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये साडेदहा तासांचं अंतर असतं. एका ओळीची मेल पहिल्या दिवशी गेली असती तर हे सगळं वाचलं असतं. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. मॅडमनाही विचारायची लाज वाटली होती, हे मुलांना कळणं गरजेचं आहे.

एकाच इमारतीत काम चालतं तेव्हा न बोललेलंही बरंचसं कळतं. चेहरा उतरलेला दिसतो, कुणीतरी मागून येऊन स्क्रीनकडे बघतं, चहाच्या टपरीवर विषय निघतो. हजारो किलोमीटरवरच्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त लिहिलेलं, आणि काही लिहिलेलं नसेल तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं.

हे मी वर्गात नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं, पण ते पोचवलं एका विद्यार्थ्यानं. त्याच्या घरी ऊस आहे. शेतीची वीज आलटून पालटून एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात वडील दोनपर्यंत दारं धरतात, मग चुलता येतो. तो म्हणाला, ‘मॅडम, आमचे वडील झोपायला जाताना चुलत्याला सांगतात ना, तसंच हे. अकराव्या सरीपर्यंत भिजलंय, बाराव्या सरीचं दारं मोडलंय, वरच्या अंगाला पाट फुटाय लागलाय, तिथं दगड लावलाय, तेवढं बघ.’ सगळा वर्ग हसला, पण मी ते फळ्यावर लिहून घेतलं. किती झालं, आत्ता काय चालू आहे, धोका कुठं आहे, पुढच्यानं काय करायचं. एका वाक्यात सगळं आलं होतं. नुसतं ‘पाणी चालू आहे’ म्हणून वडील झोपायला गेले असते तर सकाळी बांध वाहून गेलेला दिसला असता.

तेव्हापासून आमच्या प्रकल्पात रोजची नोंद याच चालीवर लिहिली जाते. मुलं तिला ‘पाळीची चिठ्ठी’ म्हणतात. सरावासाठी जर्मनीची मुलं यायच्या आधी तीन आठवडे मी वर्गाचेच दोन भाग करते. एक भाग सकाळी काम करतो, दुसरा दुपारी, आणि दोघांनी त्या कामाबद्दल आपापसात एक शब्दही तोंडी बोलायचा नाही. फोनही नाही. फक्त चिठ्ठी आणि गिटवरच्या नोंदी. पहिल्या आठवड्यात भांडणं होतात. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘आता खरंच फायनल’ असल्या नोंदी वाचून समोरच्या गटाला काय कळणार? तेव्हा मी त्यांना लिनक्सच्या कर्नलमधल्या नोंदी वाचायला देते. एकमेकांचं तोंडही न बघितलेली माणसं १९९१ पासून इंटरनेटवरून ते घडवताहेत. गिट हे साधनही लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये त्याच कामासाठी लिहिलं. तिथं दोन ओळींच्या बदलाला कधी कधी वीस ओळींचं कारण जोडलेलं असतं. एवढं कशाला लिहायचं, असं पहिल्यांदा सगळेच विचारतात. तीन आठवड्यांनी कुणी विचारत नाही.

आणि मार्क. सवय मार्कांनी लागली असेल तर मोडायचीही मार्कांनीच, असं ठरवून मी टर्म वर्कमधले काही मार्क ‘वेळेवर अडलेलं सांगणं’ यासाठी ठेवले. अडल्यापासून दोन तासांच्या आत चिठ्ठी आली तर पूर्ण मार्क, मग काम झालेलं असो वा नसो. विभागाच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘उद्या मुलं मुद्दाम अडतील.’ तसं काही घडलं नाही. मुद्दाम अडलेल्याला चिठ्ठीत लिहायला काही सापडत नाही.

‘हो’ या शब्दानं मात्र मला खूप छळलं. आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा अनेकदा ‘ऐकलं’ एवढंच म्हणायचं असतं. ‘करतो’ म्हणजे मनात आहे, ‘बघतो’ म्हणजे बहुधा होणार नाही, ‘होऊन जाईल’ म्हणजे देव जाणे. आपल्याला हे सुरावरून कळतं. शुक्रवारपर्यंत होईल का, असं एका जर्मन मुलानं विचारलं, आमचा मुलगा ‘येस, येस’ म्हणाला आणि त्यानं शुक्रवार पक्का धरून पुढचं काम आखलं. शुक्रवारी काहीच नव्हतं. जर्मन मुलाला फसवल्यासारखं वाटलं. आमच्या मुलाला आपण वचन दिलं होतं हेच ठाऊक नव्हतं. दोघांनाही मी दोष देऊ शकले नाही. शेवटी त्या गटानं स्वतःच एक पान तयार केलं: ‘समजलं’, ‘करायला घेतो’, ‘अमुक दिवशी देतो’, ‘जमणार नाही’. ‘हो’ म्हणायचं असेल तर यातलं एक निवडायचं. ते पान आता प्रत्येक गट पहिल्याच दिवशी आपल्या शब्दांत नव्यानं लिहितो. जर्मन मुलांनी त्यात एक ओळ आपल्याकडून घातली होती, कोड तपासतानाची: ‘हे का केलं असं विचारलं, तर उत्तर हवं आहे, माफी नको.’ त्यामागंही एक प्रसंग होता. आमच्या एका मुलीच्या कोडवर तिकडून ‘याला काही अर्थ लागत नाही, असं का?’ एवढंच लिहून आलं, आणि ती दोन दिवस कॉलेजला आली नाही. लिहिणाऱ्याला खरंच कारण हवं होतं. तिच्याकडं ते होतंही, आणि ते योग्य होतं.

दुसऱ्या वर्षी काम वाटताना मी मोठी चूक केली. स्क्रीनवर दिसणारा भाग जर्मनीनं करायचा, मागचा डेटाबेसचा भाग आपण. सोयीचं वाटलं, कारण मग फारसं बोलावं लागणार नव्हतं. अभ्यासिकेतल्या जागा राखून ठेवायचं ॲप होतं. दोन्ही भाग वेगवेगळे उत्तम चालले आणि एकत्र जोडल्यावर कोसळले. इकडून वेळ जात होती ती भारतीय वेळ आहे की जर्मन, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं प्रत्येक आरक्षण साडेतीन तासांनी सरकलं. नावाच्या रकान्यात त्यांनी फक्त नाव आणि आडनाव घेतलं होतं, आणि तेवढ्यावरून माणूस ओळखायचा असं धरलं होतं. सांगली जिल्ह्यात! आमच्या एकाच वर्गात नाव-आडनाव सारखं असलेले दोन पाटील होते. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये का लागतं, हे त्यांना सांगावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, आणि त्यांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात लिहिलं होतं की संघटनेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच रचना त्यांनी घडवलेल्या प्रणालीत उतरते. तो लेख मी अनेक वर्षं शिकवत होते. तरीही जिथं बोलणं कमी, तिथंच जोड ठेवायची चूक मी केली. पुढच्या वर्षापासून प्रत्येक भागात दोन्हीकडची माणसं ठेवली आणि वेळ कुठंही साठवायची ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, दाखवताना स्थानिक, असा नियम केला. अंतर फक्त देशांमधलं असतं असं मुलांना वाटू नये म्हणून ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ची गोष्ट सांगते. सप्टेंबर १९९९ मध्ये ते यान मंगळापाशी गमावलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर आकडे पौंडांच्या मापात देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटनमध्ये धरत होती. एक बाजू कोलोरॅडोत, दुसरी कॅलिफोर्नियात; देश एक, भाषा एक, घड्याळात फरक एका तासाचा.

घड्याळाचं सांगायलाच हवं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. एका अंशाला चार मिनिटं धरली तर ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. हा अर्धा तास जर्मन मुलांना फार विचित्र वाटतो. आमच्या मुलांना धक्का बसतो तो वेगळाच. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं घेतात, आणि साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. पहिल्या वर्षी त्या सोमवारी आमची मुलं साडेपाचला कॅमेऱ्यासमोर बसली आणि पलीकडं कुणीच नव्हतं. आधीच्या आठवड्यात थोडी बाचाबाची झाली होती, त्यामुळं ते रागावले असा सगळ्यांनी समज करून घेतला. काही जण सातच्या एसटीसाठी निघून गेले. साडेसहाला जर्मन मुलं वेळेवर आली, तर इकडं दोघंच उरलेले.

त्या एका तासानं दुसरी एक गोष्ट उघडी पडली. मुलींच्या वसतिगृहाचं दार सातला बंद होतं, आणि तेव्हा खोल्यांमध्ये वायफाय नव्हतं. बैठक साडेसहावर गेल्यावर एका गटातली मुलगी अर्ध्यातूनच उठून जायची. चर्चेत नाही, निर्णयात नाही. मी तिला दुसरं, सोपं काम द्यायच्या विचारात होते. तिनं ते मागितलं नाही. बैठकीआधी दुपारीच तिचं लिखाण तयार असायचं: प्रश्न काय, पर्याय कोणते, मला कोणता योग्य वाटतो आणि का. हळूहळू बैठक तिच्या कागदावरच चालायला लागली. मग बैठकीत ठरलेलं सगळं तिच्यासाठी लिहून ठेवणं गटाला भाग पडलं, आणि ते लिहिलेलं बैठकीला असलेल्यांच्याच जास्त उपयोगी पडलं. माझ्या शिकवण्याला वळण तिथं मिळालं. महत्त्वाचा निर्णय फक्त तोंडी होणार नाही, हा आमच्या प्रकल्पाचा नियम तिच्यामुळं आला. २०२० मध्ये सगळं बंद पडलं आणि मुलं गावी अडकली. व्हिडिओ चालायचा नाही, पाण्याच्या टाकीवर चढून रेंज मिळवावी लागायची. पण चार ओळींची चिठ्ठी क्षीण नेटवरूनही जाते. त्या वर्षी आमचे प्रकल्प थांबले नाहीत.

सगळंच साधलं असं नाही. एका मुलानं पुढं एकदा महिनाभर काहीही केलं नाही आणि रोज व्यवस्थित चिठ्ठ्या लिहिल्या. मला ते कळलं नाही, कारण चिठ्ठ्या मी वाचत होते, पण त्यांच्याबरोबरचा कोड उघडून बघत नव्हते. तिकडच्या मुलीनं त्याचं सगळं काम एकटीनं केलं आणि शेवटी मला लिहिलं की आता तिला अशा प्रकल्पात पुन्हा यायचं नाही. त्या मुलाच्या घरी त्या महिन्यात काय चाललं होतं ते मला परीक्षेनंतर समजलं. ती मेल मी अजून ठेवली आहे. अलीकडं तर एआयकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या जातात. भाषा सफाईदार, आत काही नाही. म्हणून आता मी प्रत्यक्ष एरर जसाच्या तसा आणि तो आल्याची वेळ मागते. भाषा मोडकी चालेल, निम्मी मराठी चालेल.

आणखी एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम शिकवते. बैठकीची वेळ ठरवताना आपल्यालाही बोलता येतं. माझ्या नोकरीच्या ९ वर्षांत रात्र कायम आमची होती, आणि कुणी विचारलं नाही म्हणून आम्हीही विचारलं नाही. आता गट पहिल्याच आठवड्यात ठरवतात की कुणाच्या गैरसोयीची पाळी कधी. जर्मनीच्या मुलांनी सकाळी आठला यायचं कबूल केलं की हिवाळ्यात आपल्याकडं साडेबारा वाजलेले असतात, आणि वसतिगृहाच्या दाराचा प्रश्नच येत नाही. मागितल्यावर त्यांनी एकदाही नाही म्हटलेलं नाही.

दार अजून सातलाच बंद होतं. दोन अर्ज केले, वेळ बदलली नाही. पण वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या अभ्यासिकेत राउटर बसवून मिळाला आणि ती रात्री दहापर्यंत उघडी राहते. मागच्या ऑक्टोबरमध्ये घड्याळं मागं गेली त्या सोमवारी मी तिथं गेले, तर सात मुली लॅपटॉप उघडून तयार बसल्या होत्या आणि रेक्टर मॅडम दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, ‘मागच्या आठवड्यात हे साडेपाचला आले होते, आज साडेसहा का?’ मी उत्तर द्यायच्या आत एक मुलगी उठली. तिनं फळ्यावर दोन घड्याळं काढली आणि त्यांना सांगायला सुरुवात केली.